उलट्या कढईवरचा पिझ्झा

आमच्या घरात पहिल्यांदा पिझ्झा झाला तेव्हा तो गोल नव्हता, सपाटही नव्हता. त्याला पिझ्झा म्हणावं की नाही याबद्दल घरात अजून दोन मतं आहेत. लेक म्हणते, तो पिझ्झा नव्हताच. ह्यांचं म्हणणं, पदार्थ उत्तम होता, फक्त त्याला पिझ्झा म्हणण्याची घाई झाली. करायला मी घेतला होता, त्यामुळे माझं मत कुणी विचारत नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. आम्ही सिल्वासाला डोकमर्डीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या आणि एक गॅलरी, गॅलरीतून समोर एका कारखान्याची पत्र्याची पाठ दिसायची. हे धागा बनवणाऱ्या कंपनीत शिफ्टला, मी मराठी शाळेत प्राथमिकची बाई. हे खानदेशातले, मी कोकणातली. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थांनी माझ्या स्वयंपाकाविषयी एक अवाक्षर काढलं नव्हतं, आणि यात त्यांचा धोरणीपणा होता हे सासरी पाऊल टाकल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. आमच्याकडे भाताचं राज्य. भाकरी मी थापायचे तेव्हा ती परातीतच मधोमध फुटायची, आणि तव्यावर गेली की त्या भोकातून खालचा तवा दिसायचा. सासूबाईंनी पहिल्या वेळी ती भाकरी हातात घेऊन, भोकातून माझ्याकडे बघून म्हटलं होतं, "चांगली शे. हवा खेळती ऱ्हाई."

आता सासूबाईंविषयी सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

त्या अमळनेरजवळच्या एका गावात राहायच्या आणि पंचक्रोशीत मांड्यांसाठी प्रसिद्ध होत्या. खानदेशात लग्नकार्याला खापरावरचे मांडे लागतात. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेऊन फिरवायचा, फिरवता फिरवता तो मनगटावर येतो, मग कोपरापर्यंत पसरतो, उपरण्याएवढा होतो, आणि फाटणार असं वाटतं तेवढ्यात खापरावर पडतो. लाटणं नाही, पोळपाट नाही, सगळा कारभार दोन हातांवर. दुसऱ्या गावची माणसं बैलगाडी पाठवून आईंना, म्हणजे सासूबाईंना, बोलवायची. लग्नाच्या मांडवात नवरीच्या आईला चहा मिळायच्या आधी आईंना मिळायचा. त्या मांडा फेकत तेव्हा आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबत. मी लग्नानंतर पहिल्यांदा ते पाहिलं आणि मनात म्हटलं, बाई गं, आपण चुकीच्या घरात आलो.

त्या वर्षी आई गोठ्यापुढच्या शेवाळलेल्या फरशीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. गावातल्या हाड बसवणाऱ्याने कामट्या बांधल्या. हात वाकडा बसला. आम्हांला कळलं तोवर बराच उशीर झाला होता. हे जाऊन त्यांना सिल्वासाला घेऊन आले. इथल्या डॉक्टरांनी हाड पुन्हा बसवून प्लॅस्टर घातलं, यथावकाश काढलं, आणि सांगितलं, "हाड जुळलंय. आता हात चालवायचा. बोटं उघडायची, मिटायची. घाबरून हात जपून ठेवलात तर तो असाच राहील, मग माझ्याकडे औषध नाही."

आईंनी हात जपून ठेवला. पदराखाली. जणू तो कुणा पाहुण्याचा होता आणि त्याला धक्का लागू द्यायचा नव्हता.

डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. त्याचं पुढे लेकीने गॅलरीत क्रिकेट केलं. मी सोलायला मटार पुढे ठेवले तर आईंनी ते डाव्या हाताने आणि दातांनी सोलले. शाळेची सवय म्हणून मी त्यांना अभ्यास लावून दिला, सकाळी बोटं मिटायची, संध्याकाळी उघडायची, आणि रोज तपासायला लागले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मास्तरीणबाई, माले पास नही व्हनं."

हे सगळं मी एक वेळ सोसलं असतं. मला सोसवत नव्हतं ते त्यांचं जेवण. उजव्या हाताने घास धरता येत नव्हता, आणि डाव्या हाताने चारचौघांत जेवणं त्यांना लाजिरवाणं वाटायचं. आम्ही पानावर बसलो की त्या म्हणत, "तुम्ही जेवा. माले आते भूक नही." मग सगळं आवरून मी बाहेर आले की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून, ताटलीत चमचा न वाजू देता जेवायच्या. गावभरच्या पंगती जिच्या हातावर उठल्या ती बाई. एकदा मी पाणी प्यायला आत गेले आणि त्यांनी घाईने ताटली पदराने झाकली. त्यानंतर मी तहान लागली तरी थांबायला लागले.

ह्यांना हे दिसत होतं. पण आईला काही सांगायचं म्हणजे ह्यांचा आवाज शाळेतल्या पोरासारखा व्हायचा. "आई, तू आमच्यासोबत बस ना," असं एकदा म्हणाले. आई म्हणाल्या, "बसेल नही तं काय उभी शे?" विषय संपला.

अशा दिवसांत लेकीने पिझ्झ्याचा विषय काढला. ती तेव्हा पाचवीत. तिच्या मैत्रिणीचा मामा मुंबईहून आला होता, त्याने पिझ्झा आणला होता, आणि त्यावरचं चीज कसं तारेसारखं लांबतं याचं वर्णन ती मैत्रीण आठवडाभर वर्गात करत होती. लेक घरी येऊन मला म्हणाली, "तू करू शकशील का?" त्या प्रश्नात आशा होती त्याहून संशय जास्त होता. मला तो संशय झोंबला.

समोरच्या घरातल्या गुजराती बेन वापीला कुकिंग क्लासला जाऊन आलेल्या. आमच्या मजल्यावर केक, नानकटाई, पिझ्झा या विषयांत त्यांचा शब्द अंतिम. मी विचारायला गेले तर त्या मी कधी येते याचीच वाट पाहत असल्यासारख्या बोलू लागल्या. "टीचर, एकदम इझी छे. मैदा, यीस्ट, साकर, जरा तेल. ऊपर सॉस, शिमला मिरची, कांदा, टमाटर, चीज. ओव्हन माझा घ्या. रविवारी करू, मी आहे ने."

शनिवारी हे शिफ्ट संपवून वापीला जाऊन चीजचा डबा घेऊन आले. यीस्ट इथल्या बेकरीवाल्याने पुडीत बांधून दिलं, वर विचारलं, "घरपे पाव बनाओगे क्या, भाभी?" मी म्हटलं, पिझ्झा. त्याने पुडीत आणखी थोडं घातलं. मला ते औदार्य वाटलं. ती काळजी होती हे नंतर कळलं.

रविवारी सकाळी मी मैदा भिजवला. बेन म्हणाल्या होत्या तसं कोमट पाण्यात साखर घालून यीस्ट फुगवलं, सगळं ओतलं आणि मळायला लागले. पाणी अंदाजाने घालायचं होतं. माझा अंदाज म्हणजे काय हे सांगायला नको. थोड्याच वेळात माझे दोन्ही हात मनगटापर्यंत त्या लगद्यात रुतले. एक सोडवायला जावं तर दुसरा चिकटायचा. नाकाला खाज आली. लेकीला हाक मारली तर ती म्हणाली, "मी बघत नाहीये, आई. मला बघवत नाही."

शेवटी आणखी मैदा घालून कसंबसं ते पातेल्यात कोंबलं आणि झाकण ठेवून आंघोळीला गेले. सिल्वासाचा उन्हाळा आणि बेकरीवाल्याचं औदार्य, दोन्ही एकत्र झालं. मी येऊन बघते तर झाकण एका बाजूला कललेलं आणि पीठ पातेल्याबाहेर येऊन ओट्यावरून खाली डोकावत होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी आई उभ्या. हात पदराखाली.

"हाई जित्तं शे का काय?" त्यांनी विचारलं.

"फुगलंय, आई. फुगायचंच असतं."

"पानी जास्त व्हयी गयं." त्या जवळ आल्या, वाकून बघितलं. "चिखल करी ठेवा. हाई हातवर तरी ऱ्हाई का?"

"बेन आल्या की बघतील."

हे माझ्याकडून सहज गेलं. डावपेच वगैरे काही नव्हता. इतके दिवस मी डावपेच केले तेव्हा एकही लागू पडला नाही. पण आपल्या घरातलं पीठ शेजारीण येऊन दुरुस्त करणार हे आईंना आवडलं नसावं. त्यांनी मला कोपराने बाजूला केलं. "सरक तिकडे."

आधी डाव्या मुठीने पीठ दाबलं. ते फुस्स करून बसलं. लेक हसली, आईही हसल्या. मग मैद्याचा हात फिरवला, तेलाचं बोट लावलं, आणि परातीत मळायला लागल्या, एकाच हाताने. पीठ त्यांच्या हाताला एकदाही चिकटलं नाही. मात्र एका हाताने मळताना परात फिरायची. मी धरायला पुढे होणार तेवढ्यात त्यांनी उजवा हात पदरातून काढला आणि परातीत, पिठावर ठेवला.

पीठ मऊ होतं, कोमट होतं. रबरी चेंडूसारखं ते उलट ढकलत नव्हतं. आईंची बोटं त्यात हळूहळू बुडाली. पूर्ण मिटली नाहीत, पण वाकली. त्यांनी बाहेर काढली, पुन्हा बुडवली. दारातून हे बघत होते. तोंड उघडून काहीतरी बोलणार होते, मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांना वाटलं मी चुकून दिला, म्हणून ते बाजूला सरकले आणि पुन्हा तोंड उघडलं. मग मात्र मी जोरात दिला.

खालून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. पीठ गुळगुळीत होऊन चमकायला लागलं.

तेवढ्यात बेन ओव्हन घेऊन आल्या. गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी. आईंनी त्या खिडकीतून आत बघितलं आणि विचारलं, "यामा सिनेमा दिसस का?" बेननी कौतुकाने वायर लावली, बटण दाबलं. खट्ट असा आवाज झाला आणि अख्ख्या मजल्याची वीज गेली. ह्यांनी खाली मीटरपाशी जाऊन फ्यूजला तार बांधली, वीज आली, पण ओव्हन तो गेलाच. बेन खिडकीतून बघत म्हणाल्या, "कॉइल जळी गई. हवे शुं?" मी मनातून सुटल्यासारखी झाले. आता दोष ओव्हनचा होता.

लेकीचा चेहरा पडला. डब्यातून काढलेलं चीज तिने किसून ठेवलं होतं, शिमला मिरचीच्या चकत्या एका ताटात गोलाकार मांडल्या होत्या.

आई परातीपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "कढई उलटी घाल."

"काय?"

"मोठी, लोखंडाची. शेगडीवर पालथी घाल. खापर व्हयी ते."

कढई पालथी घातली. तापली. आईंच्या सांगण्यावरून ह्यांनी एक गोळा लाटून दिला, मी तो कढईच्या पाठीवर टाकला आणि तो असा सुंदर भाजला गेला, सगळीकडून सारखे फोड, जरा जरा लालसर, की बेननी ओव्हनकडे पाहायचं सोडून दिलं. आम्ही सगळेच इतके खूश झालो की पुढे काय होणार याचा विचार कुणाच्याही डोक्यात आला नाही. घरात एक इंजिनियरिंगचा डिप्लोमावाला होता, एक शिक्षिका होती, कुकिंग क्लासचा अनुभव होता. बेन म्हणाल्या, "हवे टॉपिंग." मी त्या गरम घुमटावर चमच्याने सॉस पसरला. कांदा लावला, टमाटर लावला, चकत्या मांडल्या, वरून चीज पेरलं. एखाद्या देवळाचा कळस सजवावा तसा तो दिसत होता.

मग चीज मऊ झालं.

आधी एक चकती निघाली. अगदी सावकाश, कुठे घाई नाही, घसरत कडेपर्यंत आली आणि शेगडीत पडली. तिच्यामागून दुसरी. मग टमाटर. "अरे, जाय छे," बेन म्हणाल्या. मग एका बाजूचं सगळं चीज, कांद्यासकट, एकदम सुटलं. मी घाईने हात पुढे केला आणि ते झेललं. उकळतं चीज हाताने झेलायचं नसतं हे मला माहीत होतं. पण हाताला माहीत नव्हतं.

नळाखाली बोटं धरून उभी होते तेव्हा मागे आई हसत असल्याचं ऐकू आलं. गावाहून आल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. "पुरन काय वर ठेवतस का?" त्या म्हणत होत्या. "मालेबी सुचनं नही. पुरन आत भरतस."

"आजी, पिझ्झ्याचं वर दिसायला पाहिजे," लेक म्हणाली.

"पोटमा गयं का कोनले दिसस?"

बेनना घरून बोलावणं आलं, पाहुणे आले होते. त्या ओव्हन उचलून जाताना म्हणाल्या, "टीचर, क्लासमां आवुं नथी शिखवता." क्लासात असलं शिकवत नाहीत, हे कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही.

उरल्यासुरल्या भाज्या मी बारीक चिरल्या, त्यात चीज मिसळलं. आईंनी त्याचे लिंबाएवढे गोळे केले, पिठाच्या दोन पाऱ्यांमध्ये एक गोळा ठेवून कडा दाबून घेतल्या, जसं पुरणाचं करतात तसंच. आणि मग त्यांनी तो भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेतला.

मला वाटतं त्यांनी विचार केला नसेल. हात आपोआप उठले असतील. गोळा डाव्या हातावरून उजव्या हातावर गेला, परत आला, वाढायला लागला. आम्ही तिघे श्वास धरून बघत होतो. डावीकडून ते अगदी पूर्वीसारखं होतं. उजवीकडे मात्र मनगट वळत नव्हतं. पीठ त्या बाजूला लोंबायला लागलं, लोंबून पातळ झालं, शिमला मिरचीचा एक तुकडा टोचला, आणि आतलं सगळं सारण खाली परातीत पडलं. आईंच्या हातांवर नुसतं भोक पडलेलं पीठ राहिलं.

त्यांनी ते बाजूला ठेवलं. उजवा हात उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग म्हणाल्या, "मन्हा हात गया."

हे त्या तोवर कधीच बोलल्या नव्हत्या. हाताची गोष्ट निघाली की काहीतरी टोमणा मारून पुढे जायच्या. आता टोमणा नव्हता. हे खिडकीबाहेर बघायला लागले. लेकीने माझा पदर धरला. मी रोज वर्गातल्या पोरांना काही ना काही समजावते, पडलेल्याला, रडणाऱ्याला, नापास झालेल्याला. "असं म्हणू नका, बरा होईल," हे म्हणून झालेलं होतं आणि त्याचा उपयोग झालेला नव्हता. माझ्या तोंडून निघालं ते असं:

"आई, माझे दोन्ही हात धड आहेत, तरी मला येत नाही."

आईंनी माझ्याकडे बघितलं. माझा चिखल, माझी भाकरी, चीज झेललेली बोटं, सगळं एकदम त्यांच्या नजरेसमोरून गेलं असावं.

"ते तं शेच," त्या म्हणाल्या.

आणि परातीतला दुसरा गोळा उचलला. "बांगड्या काढ. हात दे."

मी बांगड्या काढल्या. त्यांनी मला आपल्या उजव्या बाजूला, अगदी खांद्याला खांदा लावून उभं केलं, माझा हात आपल्या उजव्या हाताखाली घेतला, मनगटाला मनगट. "हालू नको. मी फिरावस. तू फक्त धर." भाजलेली बोटं मी वर उचलून धरली. गोळा फिरायला लागला. त्यांचं मनगट अडलं की माझ्या मनगटावर टेकायचं, तिथून पुढे पीठ माझ्या हातावर उतरायचं. ते उबदार होतं, त्याला कच्च्या तेलाचा वास होता. लग्नानंतर इतकी वर्षं मी त्यांच्या पाया पडले होते, आम्ही एकमेकींच्या ओट्या भरल्या होत्या, पण इतक्या जवळ कधी उभ्या राहिलो नव्हतो. "कोपर वर," त्या म्हणाल्या. "अजून. झोपली का?" मी कोपर वर केलं. पीठ माझ्या कोपरापर्यंत आलं.

"आते फेक."

"मी?"

"मंग काय शेजारीनले बोलावू?"

आम्ही दोघींनी मिळून ते फेकलं. कढईवर ते थोडं तिरकं पडलं, एका बाजूला घडी पडली. पण फाटलं नाही, आणि आतलं आतच राहिलं.

असे काही झाले. एखादा फाटलाही, माझ्या बाजूने. शेवटचा छोटा गोळा उरला तेव्हा आईंनी मला कोपराने दूर केलं आणि तो एकटीने हातावर घेतला. तो मोठा झाला नाही. चहाच्या बशीएवढा झाला, उजवीकडे जाड, डावीकडे पातळ. त्यांनी तो फार न बघता कढईवर टाकला आणि पदराने कपाळ पुसलं. ह्या वेळी ह्यांच्या पायावर पाय द्यायची गरज पडली नाही. ते आधीच पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले होते.

जेवायला बसलो. ताटात घड्या घातलेले पिझ्झे. लेकीने एक उघडून आत पाहिलं, चीज धरून वर ओढलं. तार निघाली नाही. डब्यातलं चीज ते, नुसतं मऊ होऊन बसलं होतं. "मी वर्गात काय सांगू?" तिने विचारलं. हे म्हणाले, "सांग, आमच्यात आतून असतं."

आईंनी नेहमीप्रमाणे आपली ताटली भरून घेतली आणि त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. मी खायला सुरुवात केली होती. उजव्या हाताची बोटं फुगली होती, त्यांवर तूप लावलेलं, म्हणून घास डाव्या हाताने तोडत होते आणि तो अर्धा खाली पडत होता. आई दारात थांबल्या.

"डावा हातनी जेवस?"

"भाजलंय ना, आई. दुसरं काय करू. भूक लागलीये."

त्या बघत राहिल्या. माझ्या हनुवटीला सॉस लागला होता. लेक दोन्ही हातांनी तोंडात कोंबत होती. ह्यांनी घास गरम लागला म्हणून तोंड उघडं ठेवलं होतं. त्या पंगतीत लाज वाटावी असं कुणी नव्हतंच.

"जरा सरक," आई मला म्हणाल्या.

त्या माझ्या शेजारी बसल्या. उजवा हात ताटलीवर आणला. बोटांनी तुकडा धरला, तो निसटला. डाव्या हाताने त्याला आधार दिला आणि दोन्ही हातांनी तो तोंडापर्यंत नेला. आम्ही तिघांनीही आपापल्या ताटात बघून जेवायचं ठरवलं होतं, कुणी कुणाला न सांगता. एक घास खाऊन त्या म्हणाल्या, "मीठ कमी शे." मीठ मी घातलं होतं. मी मान डोलावली. मला त्या क्षणी मीठ काय, काहीही कमी असलेलं चाललं असतं.

पुढे आईंचा हात सुधारला, पण पहिल्यासारखा झाला नाही. मूठ कधी पूर्ण मिटली नाही. मांड्यांना बोलावणी आली की त्या जायच्या आणि कुणातरी मुलीला उजवीकडे उभं करून घ्यायच्या. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा माझ्या बाजूने फाटलं, मग त्यांनी माझी पाणी भरायच्या कामावर बदली केली.

पण त्या रविवारनंतरचा सोमवार मला जास्त आठवतो. शाळा सुटून मी दुपारी घरी आले. हे कंपनीत, लेक तिच्या शाळेत. रोज त्या वेळी आईंचं जेवण उरकलेलं असायचं, धुतलेली ताटली कोपऱ्यात उभी असायची. मी चप्पल काढून आत गेले. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. जमिनीवर दोन पानं मांडलेली, समोरासमोर, माझ्या पानात भाताचा डोंगर. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"तुम्ही अजून जेवला नाहीत?" मी विचारलं.

"हात धुई ये," त्या म्हणाल्या. "एकलीले जेवन गोड नही लागत."